संदर्भनोंदींचे प्रकार आणि वेब मार्कअप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेख, कोशनोंदी, संशोधन किंवा जुन्या अंकांचे संग्रह संकेतस्थळावर मांडणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. एचटीएमएलची जुजबी ओळख असली तरी पुरे.

संदर्भाला ‘प्रकार’ लागतोच कशाला? वाचणाऱ्याला तो दिसतोच की.

वाचणाऱ्याला बहुतेक वेळा लागत नाही, हे खरं. ‘खंड १२, अंक ३, पृ. ४५–६१’ असं दिसलं की हा नियतकालिकातला लेख आहे हे कुणालाही कळतं. प्रकार हवा असतो तो सॉफ्टवेअरला, आणि तेही तीन निरनिराळ्या कारणांसाठी.

मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ठरवायचं असतं की शीर्षक तिरपं छापायचं की अवतरणचिन्हांत ठेवायचं, ‘संपा.’ कुठे घालायचं, पृष्ठांक शेवटी द्यायचे की मध्ये. झोटेरोसारख्या संदर्भ सांभाळणाऱ्या साधनाला ठरवायचं असतं की वापरणाऱ्यापुढे कुठले रकाने उघडायचे. शोधयंत्राला मात्र एकाच कृतीचे हजार ठिकाणचे उल्लेख एकत्र बांधायचे असतात. पहिल्याला फार बारीक भेद लागतात. तिसऱ्याला भेदांशी फारसं देणंघेणं नसतं, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा) सापडला की त्याचं भागतं. मानकं ठरवताना होणारे बरेचसे वाद यातूनच येतात. बोलणारा प्रत्येक जण यांपैकी एकाचीच गरज डोळ्यांपुढे ठेवून बोलत असतो.

एचटीएमएलमध्ये संदर्भासाठी टॅग आहे ना? सी-आय-टी-ई?

आहे, पण तो प्रकाराबद्दल काहीच सांगत नाही, आणि त्याचा स्वतःचा अर्थही तीनदा सरकला आहे. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये हा टॅग ‘संदर्भ किंवा दुसऱ्या स्रोताचा उल्लेख’ अशा सैल अर्थाने होता. तिथल्या उदाहरणात तर त्यात हॅरी ट्रुमन यांचं नाव गुंडाळलं होतं. पुढे डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या ब्राउझर बनवणाऱ्यांच्या गटाने तो फक्त कृतीच्या शीर्षकासाठी राखून ठेवला आणि व्यक्तीचं नाव त्यात घालायला मनाई केली. डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये शीर्षक, लेखकाचं नाव किंवा दुवा यांपैकी काहीही चालेल असं म्हटलं. काही वर्षं एकाच टॅगचे दोन अधिकृत अर्थ नांदत होते. २०१९ मध्ये दोन्ही संस्थांचा समझोता झाला आणि आता पहिल्या गटाचाच मजकूर चालतो. म्हणजे शीर्षकापुरताच.

मराठी संकेतस्थळांसाठी एक सूचना : ब्राउझर हा टॅग आपोआप तिरपा दाखवतात. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतात. ब्राउझर सरळ अक्षरंच कलती करतो आणि जोडाक्षरं, वेलांट्या डोळ्यांना बोचतात. स्टाइलशीटमध्ये तिरपेपणा काढून टाका आणि शीर्षकाला एकेरी अवतरणचिन्हं द्या. टॅग तसाच राहू द्या.

ब्लॉककोट आणि क्यू या टॅगना याच नावाचा एक गुणधर्मही आहे. त्यात स्रोताचा दुवा ठेवता येतो, पण तो वाचकाला दिसत नाही. म्हणून फारसं कुणी वापरत नाही.

मग ‘पुस्तक, लेख, प्रबंध, अहवाल…’ ही यादी आली कुठून?

आज सगळीकडे दिसणाऱ्या याद्यांचा मोठा भाग बिबटेक या संदर्भसूची तयार करणाऱ्या प्रोग्रामकडून आलेला आहे. लेझ्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या मजकूर-जुळणीच्या प्रणालीसोबत चालण्यासाठी ओरेन पॅटॅश्निक यांनी ते १९८५ मध्ये लिहिलं. त्यात नोंदींचे १४ प्रकार आहेत. त्यातला ‘कॉन्फरन्स’ हा ‘इनप्रोसीडिंग्ज’चाच जुळा, जुन्या फाइली चालाव्यात म्हणून ठेवलेला. त्याआधी बेल लॅबमध्ये माइक लेस्क यांचं ‘रेफर’ होतं. त्यात टक्केचिन्ह आणि एक अक्षर अशा खुणा असायच्या.

बिबटेकची यादी नीट न्याहाळली की एक गोष्ट खटकते. ‘आर्टिकल’ म्हणजे नियतकालिकात असलेला मजकूर. इथे प्रकार ठरला तो जागेवरून. ‘मॅन्युअल’ म्हणजे माहितीपुस्तिका, इथे प्रकार ठरला तो मजकुराच्या रूपावरून. ‘अनपब्लिश्ड’ हा तर प्रकाशनाच्या अवस्थेवरून ठरलेला. तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच यादीत कोंबली आहेत. समजा एखाद्या संस्थेत वापरासाठी टंकलिखित करून ठेवलेली, कधीच प्रसिद्ध न झालेली माहितीपुस्तिका आहे. ती तिन्हींपैकी कुठे टाकाल? उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीचा जोडला आहे.

दुसरा नमुना प्रबंधांचा. एम.ए.चा आणि पीएच.डी.चा प्रबंध यांना बिबटेकमध्ये दोन स्वतंत्र प्रकार आहेत. रकाने दोघांचे तेच. फरक काय, तर छापताना येणारा एक शब्दप्रयोग, आणि मूळच्या ‘प्लेन’ शैलीत पीएच.डी.चं शीर्षक पुस्तकासारखं तिरपं येतं, दुसऱ्याचं सरळ. मांडणीतल्या एवढ्याशा भेदापायी एक अख्खा प्रकार जन्माला आला. बिबलाटेक या नंतरच्या साधनाने पुढे दोन्ही मिळून ‘थीसिस’ हा एक प्रकार केला आणि पदवीचं नाव वेगळ्या रकान्यात नेलं. हे शहाणपण उशिरा आलं, तोवर जुनी यादी शेकडो साधनांत झिरपली होती.

आणि हो, संकेतस्थळासाठी त्या यादीत प्रकारच नाही. १९८५ मध्ये वेबच नव्हतं, त्यामुळे दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे ‘मिस्क’ म्हणजे ‘इतर’ हा प्रकार अनेकांच्या फाइलींमध्ये फुगत गेला.

ग्रंथालयांकडे याहून जुनी व्यवस्था होती. तीच का नाही उचलली?

उचलायला हवी होती, निदान तिच्यामागचा विचार तरी. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात मार्क ही नोंदपद्धती आकाराला आली. आजच्या मार्क २१ मध्ये नोंदीच्या सुरुवातीला २४ अक्षरांचा ‘लीडर’ असतो. शून्यापासून मोजलं तर त्यातलं ६ व्या स्थानावरचं अक्षर सांगतं की वस्तू कशा स्वरूपाची आहे : छापील मजकूर, हस्तलिखित, नकाशा, संगीताची ध्वनिमुद्रिका. ७ व्या स्थानावरचं अक्षर सांगतं ती पातळी : स्वतंत्र ग्रंथ, नियतकालिक, ग्रंथाचा भाग, नियतकालिकाचा भाग. बिबटेकने जे एका यादीत कालवलं, ते इथे दोन अक्षरांत स्वच्छ वेगळं ठेवलं आहे.

वेबवाल्यांनी ते घेतलं नाही, कारण मार्क हे तालिकाकारांसाठी, म्हणजे ग्रंथालयात नोंदी करणाऱ्यांसाठी होतं. रकान्यांना तीन आकडी क्रमांक, पोटरकान्यांना अक्षरं. लेखाखाली संदर्भ लिहिणारा माणूस ते हाताने लिहील ही शक्यताच नव्हती. १९९५ मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावात जमलेल्या मंडळींनी उलट टोक गाठलं. पुढे डब्लिन कोअरचे १५ घटक स्थिरावले आणि प्रकारांची सर्वसाधारण यादी १२ वर आली. त्या यादीत पुस्तक, लेख, प्रबंध, पत्र सगळं एकाच ‘मजकूर’ या शब्दाखाली येतं. चित्र आणि मजकूर वेगळे ओळखण्यापुरतं ते ठीक आहे, संदर्भसूचीसाठी नाही.

मायक्रोफॉरमॅट्सच्या एचसाइटचं काय झालं?

मायक्रोफॉरमॅट्सची चळवळ २००५ ची, आणि एचसाइट हा तिचा संदर्भांसाठीचा प्रस्ताव. कल्पना साधी आणि मला अजूनही पटणारी : नवे टॅग काढू नका, पानावर दिसणाऱ्याच मजकुराला ठरावीक क्लासची नावं द्या, आणि नावं ठरवण्याआधी लोक प्रत्यक्षात काय लिहितात त्याचे नमुने गोळा करा. माणसांसाठी एचकार्ड आणि कार्यक्रमांसाठी एचकॅलेंडर लवकर बसले, कारण व्हीकार्ड आणि आयकॅलेंडर ही मानकं आधीच होती. रकान्यांची नावं तिथून आयती मिळाली.

संदर्भांच्या बाबतीत अशी एक मान्य यादी नव्हती. बिबटेक, मार्क, डब्लिन कोअर, ओपनयूआरएल या प्रत्येकाने जग निराळ्या ठिकाणी चिरलेलं. नमुने भरपूर गोळा झाले, आधीच्या पद्धतींचे तक्ते झाले, पण प्रकारांची सर्वमान्य यादी काही ठरली नाही. पुढच्या पिढीतला एच-साइट आजही मसुदाच आहे. त्यात नाव, लेखक, प्रकाशनाची तारीख, ज्यात प्रसिद्ध झालं ते प्रकाशन, दुवा, ओळखक्रमांक, पाहिल्याची तारीख असं आहे. ‘प्रकार’ नावाचा गुणधर्मच नाही.

पुष्कळांना हे अपुरं काम वाटतं. मला ती माघार शहाणपणाची वाटते. खरी उणीव दुसरीकडे आहे : खंड, अंक आणि पृष्ठांक यांनाही त्यात जागा नाही. ब्लॉगवरच्या उल्लेखांना ते चालतं, अभ्यासाच्या संदर्भसूचीला तोकडं पडतं.

याच सुमारास उलटाही प्रयोग झाला होता. एचटीएमएल ५ च्या मसुद्यात, मायक्रोडेटा या टॅगांत यंत्रासाठी माहिती भरण्याच्या पद्धतीसोबत, बिबटेकचीच शब्दसंपदा जशीच्या तशी घातली गेली होती. मानव्यशाखांत काम करणाऱ्यांनी तिच्यावर टीका केली आणि ती पुढे मसुद्यातून गेली. बरंच झालं. नाहीतर दोन प्रबंधांचे दोन प्रकार आज ब्राउझरच्या मानकात बसलेले दिसले असते.

प्रकार सांगितलाच नाही, तर सॉफ्टवेअरला तो कळणार कसा?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर : कृती कशाच्या आत आहे ते सांगा, म्हणजे प्रकार बराचसा आपोआप निघतो.

संदर्भातली कृती एकतर स्वतःच्या पायावर उभी असते किंवा दुसऱ्या कशात तरी राहते. लेख अंकात राहतो, अंक खंडात, खंड नियतकालिकात. प्रकरण संपादित ग्रंथात राहतं, ग्रंथ मालेत. आतली कृती आणि तिला सामावणारी कृती या दोघींचे तपशील वेगवेगळे नोंदले, की सामावणाऱ्या कृतीला आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), खंड, अंक असले तर तो लेख. तिला स्वतंत्र संपादक आणि आयएसबीएन असला तर ते संपादित ग्रंथातलं प्रकरण. सामावणारं काहीच नाही आणि प्रकाशक आहे, तर पुस्तक. प्रकाशकाच्या जागी विद्यापीठ आणि सोबत पदवी, तर प्रबंध.

ही कल्पना नवी नाही. टीईआय या मजकूर-संकेतनाच्या पद्धतीत शीर्षकालाच पातळी जोडतात : अंतर्गत लेखनाला एक खूण, स्वतंत्र ग्रंथाला दुसरी, नियतकालिकाला तिसरी, मालेला चौथी, अप्रकाशिताला पाचवी. गूगल स्कॉलर पानाच्या शिरोभागातल्या ज्या हायवायर मेटा टॅगांवर चालतं, त्यांतही प्रकाराचा रकाना नाही. नियतकालिकाच्या नावाचा टॅग आहे, परिषदेच्या नावाचा आहे, प्रबंध स्वीकारणाऱ्या संस्थेचा आहे. यांपैकी जो भरलेला असेल त्यावरून पुढचं कळतं.

याचा मोठा फायदा लिहिणाऱ्याला होतो. ‘हे नेमकं कोणत्या प्रकारात मोडतं?’ यावर डोकं खाजवत बसावं लागत नाही. समोरच्या मुखपृष्ठावर आणि अनुक्रमणिकेवर जे छापलं आहे, ते जसंच्या तसं उतरवायचं.

ही युक्ती कुठे फसते?

जिथे जागा तीच, पण रूप वेगळं. एकाच मासिकात वैचारिक लेख, पुस्तक परीक्षण, मुलाखत, मृत्युलेख आणि वाचकाचं पत्र असतं. पाचांनाही सामावणारं मासिक एकच. जागेवरून पाचही ‘लेख’ ठरतील. परीक्षणात तर दोन कृतींची नावं येतात, परीक्षणाचं आणि ज्याचं परीक्षण केलं त्याचं, आणि कुठली कुणाची हे सॉफ्टवेअरला सांगावंच लागतं. खाजगी पत्र, नकाशा, पेटंट, कोर्टाचा निकाल यांचंही रूप सांगितल्याशिवाय भागत नाही.

म्हणून ‘रूप’ नावाचा एक वेगळा, ऐच्छिक रकाना ठेवावा. त्याचं उत्तर जागेच्या उत्तरात मिसळू देऊ नये. रिकामा राहिला तरी नोंद पूर्ण मानावी.

दिवाळी अंकातल्या लेखाची नोंद कशी करायची? पुस्तक की नियतकालिक?

मराठीत ही अडचण रोजची आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तो मासिकाचाच विशेषांक होता. आजही जी मासिकं वर्षभर निघतात त्यांचा दिवाळी अंक म्हणजे त्यांच्या नेहमीच्या खंड-अंकांच्या रांगेतला एक अंक. पण वर्षातून फक्त दिवाळीलाच निघणारेही कितीतरी आहेत. त्यांना खंड नसतो, कधी कधी क्रमांकही नसतो, नुसतं वर्ष असतं. परदेशी याद्यांमधला ‘मासिक’ किंवा ‘जर्नल’ त्यांना बसत नाही आणि ‘पुस्तक’ म्हणावं तर दरवर्षी तेच नाव.

प्रकाराच्या यादीतून हे सुटत नाही. सामावणाऱ्या कृतींच्या साखळीतून चटकन सुटतं : लेख, त्याला सामावणारा अंक (‘दिवाळी २०१७’ हेच अंकाचं नाव), त्याला सामावणारं नियतकालिक. खंडाची कडी नसेल तर ती सोडून द्यायची. स्कीमा डॉट ऑर्ग या शोधयंत्रांसाठीच्या शब्दसंचात हे जसंच्या तसं लिहिता येतं, कारण तिथे अंक ही स्वतंत्र वस्तू आहे आणि ‘याचा भाग आहे’ हा दुवा अंकापासून थेट नियतकालिकापर्यंत नेता येतो.

म्हणजे स्कीमा डॉट ऑर्ग वापरलं की झालं?

बऱ्याच अंशी. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये ते सुरू केलं तेव्हा त्यात पुस्तक आणि लेख होते, पण खंड-अंक नव्हते. डब्ल्यू३सीच्या एका समुदाय गटाने ग्रंथालयांच्या बाजूने पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये खंड आणि अंक हे प्रकार आत आले. आज प्रकरण, प्रबंध, अहवाल, विदासंच (डेटासेट), कायदा असे प्रकार आहेत. एका वस्तूला एकाहून अधिक प्रकार देता येतात, ही त्याची सगळ्यात मोलाची सोय.

विचित्रपणाही आहे. ‘अहवाल’ हा तिथे ‘लेख’ या प्रकाराचा पोटप्रकार आहे. सहाशे पानांचा आयोगाचा अहवाल लेखाखाली कसा येतो, हे विचारू नये. अशा वेळी नोंदीला अहवाल आणि पुस्तक असे दोन्ही प्रकार द्यावेत.

कॉइन्स म्हणजे काय? विकिपीडियाच्या पानांत ते दिसतं.

ओपनयूआरएल हे निसो या अमेरिकी मानक संस्थेचं २००४ चं मानक, संदर्भाची माहिती दुव्यात भरण्यासाठीचं. त्यातली संदर्भाची माहिती एका रिकाम्या स्पॅनच्या टायटल गुणधर्मात एका लांबलचक ओळीत भरायची, हे कॉइन्स. झोटेरो ती ओळ वाचतो. पण वाचकाला ती दिसत नसल्याने दृश्य मजकूर दुरुस्त झाला तरी ती तशीच मागे राहू शकते. विकिपीडियावर साचा (टेम्प्लेट) दोन्ही गोष्टी एकाच माहितीतून तयार करतो म्हणून तिथे निभावतं. हाताने लिहिणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

शिवाय यादी जुनी. इंग्रजी विकिपीडियावर संकेतस्थळाचा संदर्भ दिला की साचा आतून तो नियतकालिकाच्या साच्यात बसवतो आणि प्रकार लिहितो ‘अज्ञात’. वेबवर, वेबसाठी काढलेल्या पद्धतीत, वेबपानाचाच प्रकार अज्ञात!

एकच शोधनिबंध आधी आर्काइव्ह या प्रकाशनपूर्व निबंधांच्या संकेतस्थळावर आणि मग नियतकालिकात आला. प्रकार कोणता द्यायचा?

तुम्ही जो वाचलात त्याचा. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९८ च्या एफआरबीआर प्रारूपात कृती, तिची अभिव्यक्ती, तिचं प्रत्यक्ष रूप आणि हातातली प्रत अशा चार पातळ्या आहेत. त्यावरची चर्चा लांबवर जाते, पण संदर्भ देणाऱ्याने तिसरी पातळी धरावी, कारण पृष्ठांक तिथेच असतात. दुसऱ्या रूपाचा दुवा जोडता आला तर उत्तम.

‘संदर्भाचा प्रकार’ म्हणजे तो का दिला आहे, असाही अर्थ होतो ना?

होतो, आणि दोन्ही अर्थांची गल्लत नेहमी होते. यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात संदर्भ देण्याची १५ कारणं सांगितली होती : पूर्वसूरींना मान देणं, पद्धत कुठून घेतली ते सांगणं, आधीच्या कामावर टीका करणं वगैरे. ऑक्सफर्डचे डेव्हिड शॉटन यांनी २०१० मध्ये मांडलेला सायटो हा शब्दसंच हेच यंत्राला वाचता येईल असं करतो : समर्थन करतो, असहमत आहे, पद्धत वापरतो, विदा वापरतो. २०२० मध्ये जर्नल ऑफ केमिन्फॉर्मॅटिक्सने लेखकांना सूचीतच ही खूण करण्याची सोय दिली.

मार्कअप करताना हे ध्यानात ठेवा : कारण हा दोन लेखनांमधल्या नात्याचा गुण आहे, उद्धृत कृतीचा नाही. तेच पुस्तक पहिल्या परिच्छेदात आधार म्हणून येईल आणि दहाव्यात खोडून काढण्यासाठी. म्हणून कारणाची खूण मजकुरातल्या त्या-त्या दुव्यावर असावी, सूचीतल्या नोंदीवर नको.

यादी बंद ठेवावी की खुली?

जागेची उत्तरं मोजकीच असतात, तिथे बंद यादी चालते. रूपाची यादी खुलीच हवी. जॅट्स या नियतकालिकांच्या एक्सएमएल मानकाने प्रकाराचा गुणधर्म मोकळा सोडला. त्यामुळे प्रत्येक प्रकाशक आपापले शब्द लिहितो आणि जुळवाजुळवीचं ओझं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर पडतं. तरीही मी खुली यादीच निवडेन. बंद यादीत माणसं जवळचा चुकीचा पर्याय निवडतात, आणि असलं खोटं नंतर शोधून काढता येत नाही. अनोळखी शब्द निदान अनोळखी म्हणून दिसतो.

प्रकारांची नावं मराठीत लिहिली तर?

वाचकाला दिसणारं लेबल मराठीतच असावं. मार्कअपमधली किंमत मात्र मानकात आहे तीच ठेवा, कारण ती यंत्राची खूण आहे. शीर्षकाला भाषेचा गुणधर्म जरूर द्या. मराठी पानावर इंग्रजी ग्रंथाचं नाव असेल तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन त्याविना ते चुकीच्या उच्चारांत वाचतं.

जुन्या पुस्तकावर फक्त शके दिलं आहे. तारीख कशी नोंदवायची?

दिसणाऱ्या मजकुरात छापलं आहे तेच : ‘शके १८२०’. टाइम टॅगच्या गुणधर्मात इसवी सन. शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांसाठी सन मिळतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या काळासाठी तो ७९ व्हायची शक्यता असते, कारण शकवर्ष चैत्रात बदलतं. महिना छापलेला नसेल तर टाइम टॅग वापरूच नका, नुसता मजकूर ठेवा.

शासन निर्णयासाठी कुठला प्रकार?

बहुतेक याद्यांत नेमका नाही. कायदा म्हणावं तर तो विधिमंडळाने केलेला नसतो. विभागाचं नाव लेखकाच्या जागी, शासन निर्णय क्रमांक, तारीख आणि महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरच्या प्रतीवरचा सांकेतांक एवढं ओळखक्रमांकांच्या जागी लिहा. रूपाच्या रकान्यात ‘शासन निर्णय’. सांकेतांक असला की प्रत शोधायला प्रकाराची गरज उरत नाही.

आमचं संकेतस्थळ छोटं आहे. किमान काय करावं?

सूचीच्या विभागाला डीपब-एरिया या, वाचून दाखवणाऱ्या साधनांसाठीच्या भूमिकांच्या मानकातली ग्रंथसूचीची भूमिका द्या आणि मजकुरातून नोंदीकडे नेणाऱ्या दुव्यांना संदर्भदुव्याची. त्यातली प्रत्येक नोंदीसाठी असलेली भूमिका आता मोडीत काढली आहे, तिथे साधी यादी पुरते. प्रत्येक नोंदीला स्वतःचा आयडी द्या. शीर्षकाला सी-आय-टी-ई टॅग लावा. त्यानंतर वेळ उरला तरच जेसन-एलडीमध्ये, म्हणजे पानात यंत्रासाठी वेगळ्या ठेवायच्या नोंदीत, स्कीमा डॉट ऑर्गची माहिती घाला, आणि ती दृश्य नोंदीच्याच कोष्टकातून आपोआप तयार होईल अशी सोय करा. हाताने दोन ठिकाणी तेच लिहायला लागत असेल तर दुसरं ठिकाण सोडून द्या.